विमान जाईपर्यंत

आमच्या घाटकोपरच्या टेकडीवरून विमानं इतकी खालून जात, की एकदा आई पत्र्यावर पापड वाळत घालत होती, तेव्हा खिडकीशी बसलेल्या एका पारशीण बाईने तिला विचारलं, "उडदाचे का?" आई मान हलवेपर्यंत ती बाई सांताक्रूझला उतरलीसुद्धा. ही गोष्ट मी आजवर हजार लोकांना सांगितली. टेकडीबाहेरच्या एकानेही विश्वास ठेवला नाही आणि टेकडीवरच्या एकानेही शंका घेतली नाही. आता मी एकशे आठ वर्षांची आहे. आधार कार्ड काहीतरी वेगळंच सांगतं, पण माझे गुडघे कुठे दुखतात हे आधार कार्डाला काय कळणार. तर सांगायचं हे, की विमान आलं की आमच्या टेकडीवर बोलणं थांबायचं. वाक्य जिथे असेल तिथे. भांडणात "अगं मेले, तुझ्या" इथे विमान आलं, की दोन्ही बाया कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभ्या राहायच्या आणि आवाज लांब गेला की "बापाने" पासून पुढे सुरू. शिव्या शिळ्या होत नसत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आधी वाटायचं, या लोकांना एकदम झालं काय. आम्हाला तर आपण थांबलो होतो हेसुद्धा कळायचं नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, ज्याच्या आवाजाचं बटण माझ्या जन्माच्या आधीच निघून गेलं होतं (टीव्ही माझ्या जन्मानंतर आला, पण असू दे). बटणाच्या जागी उरलेली लोखंडी काडी पक्कडीने फिरवायला लागायची, आणि ती मधे कुठे थांबतच नसे. एक तर टीव्ही मुका, नाही तर खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला आमच्याबरोबर बातम्या ऐकायचा. ती पक्कड हरवली की घरात दंगल. आत स्वयंपाकघर, सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेचा वास, रविवारी पेडव्यांच्या तिखल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा. पेडवे म्हणजे बोटाएवढा मासा आणि त्यात हातभर काटे. आई म्हणायची, ज्याला पेडवो खाता येतो त्याला संसार करता येतो. आई स्वतः गप्प बाई. दिवसात सात-आठ वाक्यं बोलायची, त्यातली सहा "जेवा" या विषयावर.

आईच्या वाट्याचं बोलणं बाबांनी उचललं होतं. बाबा आधी गिरणीत मागावर होते. मागाच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की गिरणी बंद पडली तेव्हा लोक म्हणाले, मशिनं गेली पण भोंगा ह्याने घरी नेला. पुढे ते लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्याच्या गेटवर लागले. पण त्यांचं खरं पद टेकडीवरचं. मालवणी माणसांच्या घरी गणपती असो, होळी असो, नवी रिक्षा असो, देवाला गाऱ्हाणं घालायला बाबाच. नारळ हातात धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज तुझी सेवा केली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा," आणि मागे उभी सगळी माणसं एका दमात म्हणायची, "व्हय म्हाराजा." मागणं काहीही असो. सुनेला मूल होऊ दे, पोराला नोकरी लागू दे, शेजाऱ्याची दृष्ट लागली असेल तर ती त्याच्याच घरात जाऊ दे. प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा." आम्ही बहिणी बोलायला लागलो तेव्हा "आई" हा शब्द आधी शिकलो की "व्हय", याबद्दल घरात मतभेद होते.

आता ताई. वैशाली तिचं नाव, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. या प्रकरणात विमानं, पापड आणि बाबांचा आवाज मी थोडा वाढवला असेल. ताईचं काहीच वाढवलेलं नाही. लिहून झाल्यावर तिलाच वाचून दाखवलं, तर म्हणाली, "नंदे, आयुष्यात पहिल्यांदा तू कमी करून सांगितलंयस."

ताई चेंबूरला एका ऑफिसात टायपिंगला जायची. दिसायला देखणी, हसली की समोरचा माणूस आपलं काम विसरायचा. कुणी नवीन मैत्रीण झाली की आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. ती मैत्रीण देवी, तिची आई देवी, तिच्या डब्यातली भेंडीसुद्धा देवी. मग एक दिवस ती मैत्रीण दुसऱ्या कुणाबरोबर चहाला जायची, आणि ताई घरी येऊन चपला काढायच्या आधीच सांगायची, की तिच्यासारखी नीच बाई जगात झाली नाही. तेवढ्यावर भागलं तर दिवाळी. बाबा कामावरून अर्धा तास उशिरा आले तर ती दारात उभी असायची, पांढरीफटक, आणि ते दिसले की आनंद व्हायच्या जागी असा स्फोट व्हायचा, की बाबांचा भोंगा तिच्यापुढे बासरी. "तुम्हाला मी नकोच आहे. सांगा ना एकदा. सांगा." भांडी जायची, एकदा आरसा गेला. आणि तासाभरात तीच मोरीच्या कट्ट्यावर बसून रडत असायची, "माझ्यासारखी घाणेरडी मुलगी कुणाला मिळू नये." आम्ही तिघं तिच्याभोवती उभे. रागावलं तर आगीत तेल, समजावलं तर "मला वेडी समजता," गप्प राहिलं तर "बघा, कुणाला पडलेलीच नाही."

मला तेव्हा वाटायचं, हिच्या आतल्या टीव्हीचं बटण निघालंय. आपल्याला वाईट वाटतं ते थोडं, बरंच, खूप, असं चढत जातं. हिला मधलं काही मिळतच नाही. आणि पक्कड कुठे आहे ते ना तिला ठाऊक, ना आम्हाला.

माझी घरातली नेमणूक गोष्टी सांगण्याची होती. ताईचं जेव्हा रडून, ओरडून सगळं संपायचं, तेव्हा ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "नंदे, आत सगळं रिकामं आहे गं. काहीतरी भर." मग मी विमानातल्या माणसांबद्दल सांगायचे. हे जे आत्ता गेलं ना, त्यात एक शेख आहे, त्याला दुबईत मालवणी जेवण मिळत नाही म्हणून तो दर शुक्रवारी आपल्या पत्र्यावर दोर टाकून आईची सोलकढी वर ओढून घेतो. त्याच्या मागे एक म्हातारी आहे, ती चुकून बसली, तिला विक्रोळीला जायचं होतं. ताई हसायची. हसता हसता माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. "जगात तू एकटी आहेस माझी." त्या वयात हे ऐकून मी हवेत चालायचे. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले आणि तिथेच जेवले, तर घरी येताच ताई म्हणाली, "तू पण त्यांच्यातलीच निघालीस," आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तीच होते. काल देवी, आज राक्षसीण, मधे फक्त एक जेवण. त्या पंधरा दिवसांत मी भिंतीला टेकून बसून, ती ऐकतेय का बघत, विमानांना उद्देशून गोष्टी सांगितल्या. शेख खाली उतरून तिचा हात मागायला आला असंही सांगितलं. ती उठून आत गेली.

मे महिन्यात तिने लांब बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली. आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात अंगावर कातडीसुद्धा नको वाटते. एकदा कपडे धुताना आईने तिच्या हातावरचे व्रण पाहिले. आई साबण तसाच हातात धरून बसून राहिली, नळ वाहत राहिला, आणि पाण्याचा थेंब वाया घालवणाऱ्याला उभा चिरणाऱ्या त्या टेकडीवर कुणी नळ बंद करायला उठलं नाही.

मग उपाय सुरू झाले. गावाहून अंगारा आला. मावशी म्हणाली लग्न करा, सगळं सुतासारखं सरळ होईल. खालच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं, ते मीच पिऊन संपवलं, गोड होतं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून सरकारी हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. तिथली डॉक्टर तरुण होती, पार्ल्याची. तिचं नाव लिहू नको असं तिने मला बजावलंय, म्हणून नुसतं बाई म्हणते. बाईंनी आम्हाला विचारलं काय काय होतं. मी सांगायला लागले. भांडी, आरसा, हात, पंधरा दिवसांचं मौन. बाबांनी मला मधेच थांबवलं. "डॉक्टर, ही धाकटी जरा वाढवून सांगते हां." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी हत्ती सांगायचे आणि लोक उंदीर ऐकून घरी जायचे, माझी काही तक्रार नव्हती. त्या दिवशी मी उंदराला उंदीर म्हणत होते आणि माझ्याजवळ त्याला कुणी खरं मानावं असा एक शब्द नव्हता. ताईनेच आपली बाही वर केली.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. बॉर्डरलाइन. बाबांनी विचारलं, "म्हणजे अजून बॉर्डरवर आहे ना? आत गेलेली नाही?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नावावर जाऊ नका, नाव ठेवणाऱ्यांनी नीट ठेवलेलं नाही. ही वेडी नाही आणि नाटकंही करत नाही. हिला भावना फार लवकर भिडतात, फार जोरात भिडतात आणि उतरायला फार वेळ लागतो. कुणी आपल्याला सोडून जाईल ही भीती हिच्या मुळाशी बसलीय. गोळ्या थोडा टेकू देतील, झोप लागेल, पण मुख्य काम शिकण्याचं आहे. ती शिकेल, वेळ लागेल. आणि तुम्हाला घरी एक करायचंय. ती काही म्हणाली की लगेच खोडून काढू नका. "असं काही नाहीये, उगाच काय" हे बंद. आधी तिच्या वाटण्याला हो म्हणा.

बाहेर पडल्यावर बाबांनी जिन्यातच उलगडा केला. "सोप्या आसा. म्हणजे गाऱ्हाणा. ता घालतला, आपण व्हय म्हणूचा."

आता हसू नका. हा उपाय झकास चालला. ताई म्हणायची, "साहेब मुद्दाम मला जास्त काम देतो." बाबा म्हणायचे, "व्हय गो." पूर्वी ते म्हणाले असते, तुझ्या साहेबाक दुसरे धंदे नाय काय. ताई म्हणायची, "मला आज सकाळपासून रडू येतंय." आई कढईतून मान न काढता, "व्हय." ताई थांबायची, बघायची, तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं दिसायचं. घरात महिनाभर भांडं आपटलं नाही. बाबा टेकडीवर सांगत फिरायचे, की पार्ल्याच्या बाईने आमचंच औषध आम्हाला विकलं. आम्ही तिघं इतके तयार झालो, की ताईने श्वास घेतला की आमच्या ओठांवर "व्हय" येऊन बसायचा. ऐकायची गरजच उरली नाही. गाऱ्हाण्यात कोण ऐकतं? सूर वर गेला की होकार द्यायचा, एवढंच.

तो रविवार होता, दुपार, पेडव्यांचं तिखलं. पेडवा खाताना माणसाचं सगळं लक्ष जिभेवर असतं. बाबा काट्यात, आई वाढण्यात, मी दुसऱ्या वाटीवर नजर ठेवून. ताई ताटातला भात बोटाने इकडून तिकडे करत होती. आदल्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्या मुली सिनेमाला गेल्या होत्या, तिला न विचारता. ती बोलायला लागली, हळू आवाजात, एका लयीत.

"सगळ्या माझ्या पाठीमागे हसतात."

"व्हय," आम्ही म्हणालो.

"कुणाला मी नकोशी होते, थोड्या दिवसांनी. सगळ्यांनाच."

"व्हय."

"तुम्ही पण कंटाळलात मला."

"व्हय गो," बाबा म्हणाले, काटा बोटावर घेत.

"मी नसते तर तुम्ही सुखात असता."

"व्हय."

तो 'व्हय' एकट्या बाबांचा नव्हता. तिघांचा होता, एका दमात, गणपतीपुढे देतात तसा, आणि सगळ्यांत खणखणीत माझा.

आणि विमान आलं.

ते नेहमीसारखंच आलं असणार. मला मात्र आठवतं ते असं, की ते पत्र्याला घासत गेलं आणि आमच्या वाट्या ताटात सरकल्या. तोंडातून गेलेला शब्द आमच्या तेव्हाच ध्यानात आला. बाबांचा घास थांबला. आईने पळी वर धरली ती वरच. ओरडता आलं असतं. बाबांचा आवाज तर विमानाला परत मागे फिरवेल असा. पण जन्माची सवय, विमान असताना आमच्या टेकडीवर कुणी बोलत नाही. ताई उठली, हात धुतला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि उंबऱ्यावर पाठमोरी उभी राहिली. विमान लांब जात राहिलं. गेलं. सगळं शांत झालं, खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. ती अजून उभीच होती. बाबा माझ्याकडे बघत होते, मी आईकडे, आई ताटाकडे. माझ्याजवळ शेख होता, विक्रोळीची म्हातारी होती, पापडवाली पारशीण होती, आणि त्या घडीला तोंडात ठेवायला एक थाप नव्हती.

मग ताई गेली.

बाबा उष्ट्या हाताने, अनवाणी निघाले. मी मागून. आई म्हणाली, मी घर सोडत नाय, पोर परत इला आणि दार बंद दिसला तर? त्या दिवशीचं तिचं एवढंच वाक्य. आम्ही टेकडी पायऱ्यापायऱ्यांनी पालथी घातली. मी वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, वाकून पलीकडे पाहायचं धैर्य होईना, डोळे मिटून वाकले आणि मग उघडले. तिथे दोन बकऱ्या होत्या. तिच्या जुन्या शाळेच्या फाटकाशी गेलो, देवळात गेलो, ती जिच्यावर रुसली होती त्या मैत्रिणीकडेसुद्धा गेलो. ती बिचारी पावडर लावून कुठे तरी निघाली होती, म्हणाली, "काका, आम्ही तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली होती." बाबांनी त्यावरही मान हलवली, "व्हय," आणि मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. रस्त्यात लोक विचारत होते, काय झालं हो? जिच्या बापाचा आवाज गावातल्या देवाला ऐकू जातो, तिला हाक मारायची तर बाबांच्या गळ्यातून फुंकर बाहेर येत होती. मी बाबांना तसं कधी पाहिलं नव्हतं. उष्टा हात वाळून पांढरा पडलेला आणि तो कुठे ठेवायचा हेच त्यांना कळत नव्हतं.

शेवटी बाबा म्हणाले, हॉस्पिटलात बघू. ते कशासाठी म्हणत होते ते मला कळलं. अपघात विभागात ती नव्हती. तिथला वॉर्डबॉय म्हणाला, मागे ओपीडीत कुणी मुलगी बसलीय, बंद आहे सांगितलं तरी उठत नाही.

ताई बाईंच्या खोलीच्या कुलूपबंद दारासमोरच्या बाकावर बसली होती. हात मांडीवर, मुठी घट्ट. रविवारी तिथे कुणीच नसतं. हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी तिने स्वतःला काही केलं नव्हतं. आपल्या हातून काही होऊ नये म्हणून घाटकोपरचं ऊन तुडवत ती त्या बंद दारापाशी येऊन बसली होती. हे मला पुढे कैक वर्षांनी समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की ती आहे.

बाबा तिच्या शेजारी बसले.

"मगाशी मी व्हय म्हटलंय," बाबा म्हणाले, "ता तसा नव्हता."

"मग कसा होता?" ताईने समोर कुलुपाकडे बघत विचारलं.

ज्याने आयुष्यभर शंभर घरांच्या वतीने देवाशी बोलणी केली, तो माणूस स्वतःच्या पोरीशेजारी बसून शब्द शोधत होता. "माका म्हायत नाय गो," ते म्हणाले. "तुका काय होता ता माका कळना नाय. काय बोलूचा ता पण कळना नाय."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फुटेल. ती त्यांच्या हाताकडे बघत म्हणाली, "हात तरी धुवायचात." आणि मग, मुठी न सोडता, "मी थांबले होते बाबा. विमान जाईपर्यंत थांबले. नंतर पण थांबले. वाटलं, आता कोणीतरी बोलेल."

बाबा उठून नळाकडे गेले. हात धुऊन यायला त्यांना इतका वेळ लागला, की वॉर्डबॉय बघायला गेला.

ड्युटीवरच्या डॉक्टरने तिला ठेवून घेतलं. सोमवारी बाईंनी आम्हाला बसवलं. त्या रागावतील असं वाटत होतं, पण त्यांचाच चेहरा उतरला होता. म्हणाल्या, मी नीट सांगायला हवं होतं. हो म्हणायचं ते तिच्या दुःखाला, तिने काढलेल्या अर्थाला नाही. मैत्रिणी गेल्या, वाईट वाटलं, हे खरं. त्याला हो. मी कुणालाच नकोय, हा अर्थ. त्याला नाही.

बाबा म्हणाले, "बाई, ती दोन्ही एकाच घासात वाढते."

"हो."

"म्हणजे मासा घ्यायचा, काटा ठेवायचा."

"मी मासे खात नाही," बाई म्हणाल्या, "पण असंच असेल."

"पेडव्याला काटे किती असतात, बघितलंय कधी?"

बाईंनी नाही अशी मान हलवली. आपल्याला माहीत नाही हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून बाबांनी ती डॉक्टर सोडली नाही.

इथे एखादा सभ्य लेखक लिहील, की त्यानंतर सगळं बदललं. माझ्यासारखी थापाडीसुद्धा एवढी मोठी थाप मारणार नाही. त्यानंतर ताई आणखी दोनदा हॉस्पिटलात राहिली. लग्न केलं, मोडलं. माझ्याशी बोलणं टाकलं, माझ्या लग्नाला आली नाही, आणि माझ्या बाळंतपणात आई अंथरुणाला खिळली तेव्हा मला न सांगता येऊन महिनाभर माझं न्हाणं-माखणं केलं. बाबा शेवटपर्यंत काटे काढत राहिले. कधी जमायचं. "वायट वाटला ना गो, व्हय. पण आमका तू होयी आसस," म्हणजे तू आम्हाला हवी आहेस, असं ते एका दमात म्हणायचे, पाठ केल्यासारखं, आणि ताई कधी रडायची, कधी म्हणायची, "बाईंनी शिकवलेलं म्हणू नका." दोन्ही वेळा बाबा सारखेच घाबरलेले असायचे. पुढे या आजारासाठी धडे देऊन शिकवण्याची पद्धत आपल्याकडे आली, बाईच ते शिकून आल्या, आणि चाळिशीत ताई दर आठवड्याला दहाबारा जणींबरोबर वर्गात बसायला लागली. राग चढतोय हे आधी ओळखायचं, लगेच काही करायचं नाही, थंड पाणी तोंडावर मारायचं, जे वाटतंय आणि जे घडलंय ते वेगळं ठेवायचं. गृहपाठसुद्धा असायचा. तिने तो माझ्या मुलाकडून कधीच करून घेतला नाही, याचं श्रेय तिला द्यायला हवं. वय वाढतं तशी ही वादळं बऱ्याच जणांची उतरतात, असं बाई म्हणतात. ताईची उतरली. थांबली म्हणत नाही, उतरली.

पहिल्यांदा थांबायचं, हा त्या वर्गातला पहिला धडा. बाईंनी सांगितलं, प्रत्येकीने थांबण्यासाठी आपली एक खूण ठरवा. कुणी म्हणाली आकडे मोजीन, कुणी म्हणाली देवाचं नाव घेईन. ताईने काय सांगितलं ते तिने मला तेव्हा सांगितलं नाही.

आमच्या टेकडीच्या कडेला आता इमारत झालीय. मी चौदाव्या मजल्यावर राहते आणि विमानं माझ्या खिडकीतून आत डोकावून भाजी कोणती केली ते बघून जातात. ताई बदलापूरला असते, एकटी, एका मांजराबरोबर, जे गेल्या महिन्यापर्यंत देव होतं. तिच्या घरावरून विमान जात नाही. आभाळात उंच कधी एखादी पांढरी रेघ दिसते, आवाज नाहीच.

आमचं फोनवर रोज बोलणं होतं. मी काहीतरी बोलून जाते, मला कळतही नाही. गेल्या रविवारी म्हणाले, "दिवाळीत मुलाकडे पुण्याला जाईन म्हणते." पलीकडे शांतता. ती शांतता मी ओळखते.

"नंदे," ताई म्हणाली, "थांब जरा. विमान जातंय."

"बरं," मी म्हटलं.

फोनमध्ये मला तिचा पंखा ऐकू येत होता, मांजर कुठेतरी ओरडत होतं, आणि तिचा श्वास, मोठा, मग पुन्हा मोठा. मी 'व्हय' म्हटलं नाही. शेख काढला नाही, म्हातारी काढली नाही. फोन कानाला धरून खिडकीशी उभी राहिले. कधी ते विमान लवकर जातं आणि ती म्हणते, "हां, बोल." कधी फोन बंद होतो आणि दोन दिवस उचलला जात नाही. आधी काहीच सांगता येत नाही. विमान जात असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. मी थांबते.